विमलच्या परातीतली माणसं

आमच्या बडोद्यातल्या तरसालीच्या सोसायटीत विमलची ख्याती एकच. कणीक मळायला तिला अर्धा तास लागतो. नवरा विश्वंभर रिफायनरीतून भुकेला येऊन स्वयंपाकघराच्या दारात ओरडायचा, "अगं, गहू पेरायला पादरा गावाला गेलीस की काय?"

एकदा मी विरजण मागायला गेले. मी काही दार वाजवून थांबणाऱ्यातली नाही. आत बघते तर परातीत पीठ सपाट पसरलेलं आणि ही बाई काडेपेटीच्या काडीनं त्यात काहीतरी काढतेय. वाकून पाहिलं, तर मीच! गच्चीत पापड वाळत घालतेय, आणि नाक जवळजवळ पापडाला टेकलेलं.

"काय गं, एवढं नाक आहे माझं?"

"परात लहान पडली, काकू," म्हणाली. तोंड मात्र पकडलेल्या चोरासारखं. मग तिनं पाणी ओतलं आणि माझ्या नाकासकट सगळं मळून टाकलं. त्या रात्री विश्वंभरनं मला चार पोळ्यांत संपवलं असणार.

लग्न होऊन बडोद्याला आल्यापासून हे रोज चालू होतं म्हणे. भाजीवालीची बकरी, बसमधली झोपलेली माणसं, दिवसभरात डोळ्यांत राहिलं असेल ते. कोंडा भुरभुरला की सावली होते. बाजरीच्या दिवशी चित्र ढगाळ येतं. सासूच्या तेराव्यालासुद्धा चुकवलं नाही. "त्या दिवशी फक्त त्यांच्या चपला काढल्या," म्हणाली, "बाकी काही हाताला येईना."

"कागदावर काढ की, वेडाबाई."

"कागद राहतो ना, काकू. राहिला की कोणी बघतं, छान म्हणतं. मग मला छानच काढावंसं वाटेल. पीठ कसं, उद्या परत कोरं."

मी विरजणाची वाटी उचलली आणि एक शब्दही न सुनावता घरी आले. असं माझं क्वचित होतं.

मग तिच्या मुलाला, पीयूषला, मकरपुऱ्यात नोकरी लागली. तेव्हा टीव्हीवर रोज नवनव्या मशीनांच्या जाहिराती यायच्या. पोरगा पहिल्या पगारात आईसाठी फूड प्रोसेसर घेऊन आला. "आई, आता एका मिनिटात कणीक. किती वर्षं हात दुखवून घेतलेस!" सगळी सोसायटी बघायला लोटली. शेजारची गुजराती बेन म्हणाली, "नसीबदार छो तमे!" विमल हसली. पीयूषनं डब्यातलं पीठ थेट मशीनच्या भांड्यात ओतलं. घर्रर्र झालं आणि गोळा तयार. परात माळ्यावर गेली.

पोळ्या वेळेवर व्हायला लागल्या. विश्वंभर खूश. विमल मात्र भाजीत दोनदा मीठ घालायला लागली. माझ्याकडे येऊन बसली की टेबलावरच्या धुळीत तिचं बोट फिरायचं. माझ्या घरात धूळ असते, हेही त्यामुळे सगळ्यांना कळलं.

"सांगून टाक पोराला," मी म्हटलं.

"काय सांगू? त्याच्या पहिल्या पगाराचं आहे ते. आणि या वयात आई पिठात चित्रं काढते, हे सांगू?"

"मग मीठ घालत बस."

पुढच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. पीयूषनं पिठाचा डबा उचलला. विमल म्हणाली, "थांब." स्टुलावर चढली, माळ्यावरून परात काढली, पुसली. पीठ पसरलं. आम्ही तिघं बघतोय म्हणून पहिली रेघ चांगलीच वाकडी गेली. तिनं ती तळव्यानं पुसली आणि पुन्हा धरली. हळूहळू पीयूष दिसायला लागला. मशीनवर वाकलेला, लहानपणी गणितं सोडवताना काढायचा तशी जीभ बाहेर काढून.

पीयूषनं घाईघाईनं जीभ आत घेतली.

विश्वंभर परातीवर वाकला. "म्हणजे इतकी वर्षं मी..."

"हो. खाल्लंत."

"आई, मशीन परत करू का?" पीयूषचा चेहरा एवढासा झाला होता.

"कशाला रे? मळू दे की त्याला. मळायला मला कधी आवडलंय!" आणि तिनं स्वतःच्या हातानं पीयूषला मशीनमध्ये ओतलं.

आता मळायला एक मिनिट लागतं आणि बाकीचा अर्धा तास चित्राला. पोळ्या पुन्हा पूर्वीइतक्याच उशिरा होतात. विश्वंभर अजूनही दारात उभा असतो, पण पादऱ्याचं नाव काढत नाही. परवा विचारत होता, "आज कोण?"

"तुम्हीच," विमल म्हणाली. "तोंड मिटून उभे राहा. हलू नका."

आणि भुकेला माणूस तसाच उभा राहिला.