टॅगवर एक, पिशवीत दुसरं

जोसीनं मला इंग्रजी वाचायला शिकवलं. शेजारच्या फ्लॅटमध्ये कामाला असलेली फिलिपिनो बाई. दर रविवारी, सिंगापूरच्या बुकित पंजांग भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं दाखवून. ती नसती तर लोक मला का हसले हेसुद्धा मला कळलं नसतं.

मी इथं मूळच्या पुण्याच्या एका सरांकडे घरकामाला आहे. सर घरूनच काम करतात. दुसऱ्या एका देशात परवाना काढून शेतकरी हेम्प लावतात. भांगेच्याच जातीचं, पण धाग्यासाठी. त्यांच्या बियाण्याचे कागद सर तपासतात. बी देशातल्या देशात घेतलं तरी परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यायचं, आणि बिलावरचा लॉट नंबर पिशवीच्या टॅगशी जुळायला पाहिजे, असा तिथला नियम.

मला त्यात नवल नव्हतं. मी जालन्याकडची. आठवीत शाळा सुटली ती कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर मजुरीला जाण्यासाठी. पीक घरात येईपर्यंत आम्ही टॅग आणि रिकामी पिशवी फेकत नाही.

एक दिवस टेबलावर चहा ठेवताना दिसलं. बिलावर लॉट नंबरच्या शेवटी सतरा, टॅगच्या फोटोत एकाहत्तर. फाइल सरांच्या भाचीसमोर होती. रुचा. माझ्याच वयाची. तिची ती फिरती खुर्ची मी रोज पुसायची, आणि पुसताना तिचा हेवा वाटायचा.

"ताई, हा नंबर जुळत नाही."

ती सरांकडे वळली, इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' लावत इंग्रजीत म्हणाली. "मामा, युअर मेड इज चेकिंग माय वर्क, लाह."

दोघं हसले. सर म्हणाले, "तू साखर बरोबर टाक. तेवढं पुष्कळ."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर सर सांगत होते, चूक रुचानं पकडली. रुचा खाली बघत होती. मी भांडी घासत होते. असा हेवा मी जन्मात कुणाचा केला नव्हता.

आठवड्यानं सरांनी ओट्यावर तीन फायली ठेवल्या. "जरा नजर टाक. काही दिसलं तर रुचाला सांग."

"बघते. पण तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहा."

"नाव? तुझ्या वर्क परमिटवर काय लिहिलंय, माहितेय का?"

"वाचलंय, सर. घरकाम. मग फायली नाही बघणार."

गावी परत पाठवतील ही भीती होती, अजून आहे. पण फायली मी उचलून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. टॅगवर एक आणि पिशवीत दुसरं, याला आमच्याकडे बोगस बियाणं म्हणतात. वर नाव रुचाचं, आत काम माझं, तसली पिशवी मी होणार नाही.

रुचाचा हेवा गेलेला नाही. जाऊही देणार नाही. त्याच्याच जोरावर बाहेरून दहावीचा फॉर्म भरणार आहे.

जोसी, तुझे उपकार मी फेडीन. तपासणारी म्हणून माझी सही असलेला पहिला कागद आधी तुझ्या हातात देईन. टॅगवरचं आणि पिशवीतलं जुळतं का, बघून घे.