न आलेलं दुखणं

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, गावाकडे काय नवीन?" मी म्हणाले, "काही नाही. धाकटी आजी म्हशी धुतेय." तुम्ही हसलात आणि बोलणं तुमच्याकडच्या बर्फावर गेलं. फोन ठेवल्यावर वाटलं, या वर्षातली सगळ्यात मोठी बातमी तुम्हाला सांगून झाली आणि ती तुमच्यापर्यंत पोहोचलीच नाही. धाकटी आजी म्हशी धुतेय ही बातमी आहे, हे कळायला आधीचं ठाऊक पाहिजे. म्हणून ते क्रमाने लिहिते.

तुमच्यातली मोठी अर्थशास्त्र शिकते. आजार होऊच नये म्हणून जो खर्च करतात, त्याचा फायदा मोजायचा कसा, असं काहीतरी तिला अभ्यासाला आहे. मला मोजता येणार नाही. मी फक्त पाहिलं आहे.

धाकटी आजी म्हणजे तुमच्या आजोबांच्या सगळ्यात लहान भावाची बायको. वयाने ती माझ्या मुलीच्या बरोबरीची. मी थोरली जाऊ, म्हणून ती मला आक्का म्हणते. दीर गेले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून दोन म्हशी, थोडं शेत आणि एकुलती एक लेक एवढ्याचा गाडा ती एकटी ओढते. लेक उमरग्याला नर्सिंग शिकते, रोज सकाळच्या एसटीने जाते. तिच्या डब्यापासून फीपर्यंत सगळं त्या म्हशींच्या दुधावर आणि धाकटीच्या हातापायांवर चालतं. आमची घरं भूकंपानंतर बांधून दिलेली, एकासारखी एक. भिंतीला भिंत असल्यामुळे तिच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळतं.

आता गल्लीतली आणखी एक गोष्ट. पलीकडे एक बाई होती, धाकटीच्याच वयाची. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला. कळला तेव्हा फार उशीर झाला होता. सोलापूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुलगा पुण्याची नोकरी सोडून आला, कारण न्यायला-आणायला कुणीतरी हवं होतं. मुलीचं कॉलेज सुटलं, कारण चूल कुणीतरी पेटवायला हवी होती. आधी जनावरं गेली, मग शेत दुसऱ्याला वाट्याने दिलं. शेवटी बाईही गेली. त्या घराला आज कुलूप आहे. त्या दारावरून जाताना धाकटी नेहमी पदर सावरते आणि पाय उचलते.

त्यामुळे उपकेंद्रात याच कॅन्सरची तपासणी होणार असं घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगितलं, तेव्हा मला वाटलं बायका धावत येतील. कुणीही गेलं नाही. आमच्याकडे बाई दुखल्याखुपल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही. चढलीच, तर दिवे लागायच्या आत गल्ली तिचं दुखणं ठरवून मोकळी होते.

उपकेंद्राच्या सिस्टर बाहेरगावच्या, तरुण आणि चिकाटीच्या. त्यांनी बचत गटाच्या बायकांना जमवलं आणि सगळ्यांच्या विचाराने एक युक्ती ठरली. संक्रांत जवळ आलीच होती. हळदी-कुंकू उपकेंद्रातच करायचं. पुढच्या खोलीत तिळगूळ, आतल्या खोलीत तपासणी, आणि आत जाऊन येईल तिला वाण म्हणून चहाची स्टीलची गाळणी. रांग लावायचं काम माझ्याकडे आलं. माझी शिस्त गावाला माहीत आहे.

युक्ती लागू पडली. काठपदराच्या साड्या, डोक्यात गजरे, उपकेंद्राचं आवार भरून गेलं. पहिली बाई आतून बाहेर आली तेव्हा सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"दुखलं का गं?" एकीने विचारलं.

"कायबी न्हाय. उगंच घाबरत हुते."

"हिला काय दुखतंय. हिच्या सासूला इचारा दुखणं म्हंजी काय."

हशा पिकला आणि रांग पुढे सरकली. डॉक्टरबाई तालुक्याहून आल्या होत्या. चहा घेताना त्या मला सांगत होत्या, की हा आजार एकदम येत नाही. कॅन्सर व्हायच्या आधी बरीच वर्षं तिथली जागा नुसती बिघडत जाते. काही दुखत नाही, काही कळत नाही. त्या काळात दिसलं तर तिथेच थांबवता येतं. एक साधं आंबट पाणी लावतात, बिघडलेली जागा पांढरी दिसते. मी इतकी खूश झाले होते, की उरलेला तिळगूळ पदरात बांधून थेट धाकटीकडे गेले.

ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"तू का नाही आलीस?"

"कुठं?"

"उपकेंद्रात."

"हळदी-कुंकवाला?" तिने हातातली शेंग खाली ठेवली. "म्या?"

राग नव्हता आवाजात. एखाद्याने चुकीच्या घरी पत्र टाकावं आणि ते शांतपणे परत द्यावं, तसं ती बोलली. मी दिवसभराची रांग डोळ्यांपुढे आणली. तीत एकही विधवा बाई नव्हती. बौद्ध वस्तीतलीही कुणी नव्हती, त्या हळदी-कुंकू करतच नाहीत. ज्या युक्तीने निम्मं गाव आत आलं, तिनेच उरलेलं बाहेर ठेवलं होतं. ठरवताना आम्ही इतक्या जणी होतो, पण हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

सिस्टरना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरबाई पुढच्या आठवड्यात आणखी एकदा येणार होत्या. मग इतर गावं, आणि आमची पाळी पुन्हा कधी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी धाकटीला समजावायला बसले.

"मला काय झालंय, आक्का? चांगली धडधाकट हाय की."

"धडधाकट असतानाच करायची तपासणी आहे ती."

"अन् लोक काय म्हणतील? हिला नवरा न्हाय, अन् ही असलं काय तपासून घ्यायलीय?" तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. "पोरीचं लगीन ठरायचंय अजून."

वासरू हंबरलं तशी ती उठून गोठ्यात गेली.

यावर उत्तर सुचलं ते कोपऱ्यावरच्या घरातल्या म्हातारीला. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते. तिचा नवराही कधीचा गेलेला. ती दुसऱ्या दिवशी विरजण मागायला आली आणि उंबऱ्यातच बसली.

"गाळण्या वाटल्या म्हणं तुमी."

"हो, मावशी."

"मंग आमी रंडक्या बाया चहा काय पत्तीसगट पितो व्हय?"

मला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही.

"कुकू नगं आमाला. खायला बोलवा. हुरडा आलाय न्हवं तुमच्या रानात? हुरड्याला कुणाचा इटाळ हाय?"

आमचं ज्वारीचं रान उपकेंद्राला अगदी लागून आहे, मध्ये फक्त बांध. डॉक्टरबाई यायच्या दिवशीच हुरडा करायचं ठरलं. बोलावणं सगळ्यांना, दोन्ही वस्त्यांना, घरोघरी जाऊन. हुरड्याला बोलावलं की आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. आणि धाकटी तर येणारच होती, कारण गावात तिच्यासारखा हुरडा कुणाला भाजता येत नाही.

त्या दिवशी बायकांची नुसती रीघ लागली होती. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटलेली, धाकटी तिच्यापुढे बसून कणसं निखाऱ्यात खुपसतेय, बाहेर काढून तळहातावर चोळतेय, हिरवे दाणे फुंकून सुपात टाकतेय. शेंगदाण्याची चटणी, गूळ, वर थंडीतलं कोवळं ऊन. एकेक बाई हात झटकून उठत होती, बांध ओलांडून उपकेंद्रात जात होती आणि परत येऊन आपल्या जागी खायला बसत होती. संक्रांतीला ज्यांच्यातली एकही दिसली नव्हती, त्या सगळ्या होत्या. बौद्ध वस्तीतल्या दोघी-तिघी तर भाजलेले हरभरे घेऊन आल्या होत्या, रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून.

पण धाकटी आगटीपासून हलेना. ऊन कलायला लागलं. सिस्टर दोनदा दारात येऊन बघून गेल्या. डॉक्टरबाईंची गाडी वळवून उभी केलेली मला दिसत होती.

"जा गं आता," मी हळूच म्हणाले.

"हुरडा करपंल, आक्का."

मावशीने सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"सरक तिकडं. तू जन्माला यायच्या आधीपासून हुरडा भाजायलोय आमी."

"मावशी, लोक..."

"कंचे लोक? समदे लोक हितंच बसलेत. अन् समद्यांच्या तोंडात हुरडा हाय. बोलायला रिकामं हाय का कुणाचं तोंड? बघ बरं."

धाकटीने खरंच मान वर करून बघितलं. बायका चघळत होत्या. एकीने मान हलवून तिला जा म्हणून खुणावलं. धाकटी उठली, हाताची राख लुगड्याला पुसली आणि बांध ओलांडून गेली. मी तिच्यामागे.

तिची जागा पांढरी दिसली.

डॉक्टरबाईंनी तिला उठवून बसवलं आणि शांतपणे सांगितलं. धाकटीने एकच विचारलं, "त्योच हाय का?" तिला ते कुलूप लावलेलं घर दिसत होतं, आणि मलाही.

"नाही. कॅन्सर नाही. जागा बिघडायला लागलीय, बाकी अजून काहीही झालेलं नाही. अशीच राहू दिली असती तर पुढे कधीतरी होऊ शकला असता. आता आपण ती इथेच काढून टाकू."

"कापायचं?"

"कापायचं नाही. या यंत्राचं टोक गरम होतं, ते तिथे टेकवायचं. बस."

मी तिचा हात धरून उभी राहिले. छोटंसं यंत्र, टॉर्चएवढं. ना सुरी, ना टाका, ना सलाईन. बाहेर मावशी कुणालातरी रागावत होती, तो आवाज खिडकीतून येत होता. तिचं रागावणं संपायच्या आत इकडचं काम झालं होतं.

"थोडे दिवस जड उचलायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"दूध काढलं तर चालंल न्हवं?"

"चालेल. बादली दुसऱ्या कुणाला उचलू द्या."

ती पायऱ्या उतरली, बांध ओलांडला आणि आगटीपाशी जाऊन सुपात बघून म्हणाली, "करपवलाच की वो, मावशी." मावशी म्हणाली, "करपंना का. बस, खा." ती बसली आणि करपलेला हुरडा खाऊ लागली.

मी बांधावरच थबकले. काहीतरी प्रचंड घडून गेलं होतं आणि त्याची कुठेही खूण नव्हती. गावाच्या दिशेने निघालेलं एक दुखणं, सोलापूरच्या फेऱ्या, विकलेल्या म्हशी, लेकीचं सुटलेलं कॉलेज आणि दाराला लागलेलं कुलूप सोबत घेऊन आमच्याकडे चालत येत होतं. ते अर्ध्या वाटेवरून परत फिरलं. ते येतंय हे कुणी पाहिलं नाही, परत फिरलं हेही कुणाला दिसलं नाही. बायका हुरडा खात होत्या. मी आयुष्यात मोठ्या इमारती पाहिल्या, समुद्र पाहिला, तुमच्याकडचे पूलही पाहिले. त्या बांधावर वाटलं तसं मला कुठेही वाटलं नव्हतं.

वर्षभराने तिची पुन्हा तपासणी झाली. मधल्या काळात मी वरून शांत होते, पण ती उपकेंद्रात गेलेली असताना मी भिंतीला टेकून तिच्या रिकाम्या अंगणाकडे बघत बसले होते. ती आली आणि म्हणाली, "नीट हाय म्हणल्या." मग वैरण घालायला गेली. या खेपेला गाळण्या हुरड्यालाच वाटल्या. मावशीने दोन घेतल्या, एक गेल्या वर्षाची म्हणून.

माझ्या अर्थशास्त्रज्ञ नातीला एवढंच सांगायचं आहे, की तुझ्या अभ्यासातला तो फायदा रोज सकाळी माझ्या खिडकीसमोरून जातो. आधी एसटीचा हॉर्न, मग डबा घेऊन पळणारी पोर, मग तिच्या मागे वेणीचं रबर घेऊन ओरडणारी आई. मी चहा हातात घेऊन ते सगळं बघते. चहा निवतो.

आज सकाळी तर मी चहा घेऊन तिच्याच दारात जाऊन उभी राहिले, तेव्हा धाकटीच्या ते लक्षात आलं. दुधाची बादली कंबरेवर घेऊन ती थांबली.

"काय बघायलाव, आक्का, रोज रोज?"

"तुला."

"मला काय झालंय?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

"मग सरका की जरा दारातनं. डेअरीला उशीर व्हायलाय."

मी सरकले.