दारानं बुडवलेली गल्ली

हसायचं असेल तर आधी चहा संपवा, एवढंच सांगतो. मागं एकाला ही गोष्ट सांगितली, तर त्यानं बशीतला चहा माझ्याच धोतरावर सांडला.

मी संगणकावर अर्धं कोल्हापूर बुडवलं होतं. हो, मी! चौथी शिकलेल्या माणसानं!

मोठा पूर येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमची गल्ली नदीच्या अंगाला. पुरात मी कागलला लेकीकडं होतो. पाणी ओसरल्यावर परत आलो, चिखल काढला, भिंतींना चुना मारला. बायको त्याच्या आधीच गेलेली. घरात मी आणि रेडिओ. रेडिओवरचा माणूस "नमस्कार" म्हणाला की मीही म्हणायचो. काय बिघडलं?

एक दिवस दारात एक मुलगी उभी. गळ्यात कॉलेजचं कार्ड, खांद्याला जड पिशवी.

"आबा, तुमच्यात पुराचं पाणी कुठवर आलतं? खूण हाय का काय?"

अश्विनी तिचं नाव. गाव गगनबावडा, इथं होस्टेलवर राहून इंजिनिअरिंग शिकत होती. पिशवीतून तिनं सरांचा लॅपटॉप काढला. पडद्यावर आमच्या भागातली सगळी जमीन रंगांत मांडलेली! चढाचा भाग तांबूस, सखल भाग हिरवा, मधून नदी. पाणी किती चढलं ते सांगायचं, की कुठवर पसरेल ते निळ्या रंगात दिसायचं.

"केवढ्याला घेतलंस हे?" मी विचारलं.

"ह्यातलं सॉफ्टवेअर फुकट हाय, आबा. जगभरची माणसं मिळून करत्यात. आतलं सगळं उघडं असतंय. कुणीबी बघावं, चुकलं असंल तर दुरुस्त करावं."

जगभरची माणसं मिळून! आमच्या गल्लीला मिळून एक गटार साफ करता आलेलं नाही.

"पर नकाशा खरा का खोटा, ते घराघरातल्या खुणांवरनं ताडून बघायचं," ती म्हणाली. "तुमच्या घरात गुडघाभर पाणी आलतं, असं दाखवतंय."

"गुडघाभर?" मी दाराकडं बोट केलं. अख्ख्या गल्लीनं घरं रंगवून घेतलेली, पुराची तेवढीच खूण उरली होती. दारावर चिखलाची रेघ, थेट माझ्या छातीला!

पोरीचा चेहराच उतरला. सोमवारी तिला सरांसमोर सगळं मांडायचं होतं. वर्षाची मेहनत त्यावर होती. "माझंच कायतरी चुकलं असंल," ती म्हणाली. "दार कशाला खोटं बोलंल?"

मग ती रोज दुपारी माझ्याकडं बसून पाणी चढवायला लागली. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी दोन कपांचा चहा ठेवत होतो. आलं किसून घालायचो.

पाणी दारावरच्या रेघेपर्यंत आणलं, तर निळा रंग गल्लीभर झाला, कोपऱ्यावरच्या बसाप्पाच्या किराणा दुकानात शिरला, पुढचा चौक गिळला आणि मंगळवार पेठेकडं तोंड करून निघाला!

एवढ्यावर मी गप्प बसावं की नाही? एरवी गप्पच असतो हो मी. पण सांगण्यासारखं काहीतरी हाताला लागलं होतं. दाढी करायला गेलो आणि न्हाव्याला सांगून बसलो, "बसाप्पाचं दुकान कॉम्प्युटरात बुडालंय."

दुसऱ्या दिवशी बसाप्पाच दारात. त्याचं घराणं सीमेकडचं. घरात कानडी बोलतो, भांडतो मात्र मराठीत.

"अण्णा! माझ्या दुकानात पाणी आलतं? कधी आलतं? मला न सांगता आलतं?"

"मी न्हाय, कॉम्प्युटर म्हणतोय."

"कॉम्प्युटर माझं गिऱ्हाईक हाय काय? भिजलेली साखर विकली म्हणत्यात लोकं! एक बाई म्हणती, वर्षामागं तुमची साखर खाल्ली, आता पोट दुखाय लागलंय!"

"काका, माझंच चुकलं असंल," अश्विनी रडवेली होऊन म्हणाली. बाहेर माणसं गोळा झाली होती. मी बसाप्पाला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

आमचं दार दिवसभर उघडं. आतली बाजू भिंतीला टेकलेली, ती कोण बघतंय? आता बसाप्पा तिकडंच बघायला लागला. त्यानं मान वाकडी केली.

"अण्णा, हे फवारणीवाल्यांनी रंगानं लिवलेलं न्हवं?"

"व्हय. मलेरियाचं."

"मग बाहेर लिवायचं सोडून आत का लिवलं? आनि लिवणारा काय खाली डोकं वर पाय करून उभा हुता?"

अश्विनीनं मान वाकडी केली. मग मीही केली. आणि तसाच राहिलो.

अहो, दार उलटं होतं! पुरानं ते खालून कुजलेलं. सुताराला मीच सांगितलं होतं, "कुजकं काप आणि उलटं करून बसव. फट वर राहिली तर वारा येईल, खाली राहिली तर उंदीर येतील." केवढी अक्कल! गुडघ्याची रेघ छातीला नेऊन ठेवली आणि साफ विसरलो.

हळूच सांगितलं दोघांना. बसाप्पा जमिनीवर बसून हसायला लागला. "बरं झालं अण्णा, दारच उलटं केलंसा! घर उलटं केलं असतंसा तर पन्हाळा बुडाला असता!"

अश्विनी हसली नाही. तिनं पाणी उतरवलं. निळं चौकातून मागं फिरलं, दुकानातून निघालं, आणि माझ्या घरात गुडघ्याला येऊन थांबलं.

"आबा, माझं पहिल्यापासनं बरोबर हुतं की!"

केवढी खुलली पोर! भराभर पिशवी भरायला लागली. काम संपलं होतं ना. मी थाप मारली, "मागच्या दारालाही रेघ आहे, बघतेस?"

तिनं हातच जोडले. "नको आबा!"

सोमवार तिला चांगला गेला. मग पुन्हा एक कपाचा चहा. पण एकदा आली बरं का, ह्याच कामाचं जाड बांधलेलं पुस्तक घेऊन. "आबा, तुमचं नाव छापलंय ह्यात."

माझी छाती फुगली. "आभारात?"

"न्हाय. आभारात बसाप्पाकाका हायत. तुमचं नाव 'चुका आणि त्यांची कारणं' ह्यात हाय."

जन्मात एकदाच नाव छापून आलं, ते हे असं. तरी पुस्तक जपून ठेवलंय, येईल त्याला ते पान दाखवतो. येतंय कोण म्हणा! तुम्ही आलाय तर थांबा, आणतो. इंग्रजीत आहे, तुम्हीच वाचा. अर्थ मला पाठ आहे, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.