सरकलेला रुपया

नव्वदच्या दशकात मी गोखिवऱ्यातल्या एका कारखान्यात वॉशर तपासायला होतो. भोक मध्यावर नसलं की वॉशरला लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि भंगाराच्या डब्यात टाकायचा, एवढंच माझं काम.

एकदा भुईगावच्या भाजीवालीने बायकोला सुट्ट्या पैशांत एक विचित्र रुपया दिला. छाप एका बाजूला सरकलेला, दुसऱ्या कडेला चंद्रकोरीएवढी कोरी जागा. मी पाहताक्षणी म्हणालो, "रिजेक्ट."

बायकोला ते पटलं नाही. वसई गावात तिच्या शाळेतले गणिताचे सर राहायचे. त्यांना नाणी जमवायचा नाद होता. ती मला घेऊन त्यांच्याकडे गेली.

सरांनी भिंगातून कडा निरखली. "टांकसाळीत चुकलं असेल तरच किंमत. नंतर कुणी ठोकलं, घासलं, तर रुपया रुपयाच राहतो. शिवाय चूक नुसत्या डोळ्यांना दिसायला हवी आणि साल वाचता यायला हवं. तुमच्या नाण्यात तिन्ही गोष्टी आहेत."

रविवारी मुंबईहून त्यांच्या ओळखीचे एक संग्राहक येणार होते. ते पाचशेपर्यंत देतील, असा सरांचा अंदाज होता. "तोवर काही करू नका. पुसूसुद्धा नका."

मी गोंधळलो. मध्य चुकलेला माल मी इतकी वर्षं भंगारात टाकत आलो होतो, आणि इथे त्यालाच भाव होता.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरली. मी तपासणारा माणूस, म्हणून लोक आपापली नाणी घेऊन माझ्याकडे येऊ लागले. तळमजल्यावरच्या काकांनी रुळावर ठेवून चपटं झालेलं नाणं आणलं.

"काका, ही टांकसाळीची चूक नाही, रेल्वेची आहे," मी म्हणालो.

"रेल्वेपण सरकारचीच ना?"

मी नाणं त्यांच्या हातात परत ठेवलं.

शनिवारी इतकी नाणी आली की पाहिलेली आणि न पाहिलेली एकमेकांत मिसळू लागली. म्हणून मी कारखान्यातून आणलेली रंगाची बाटली काढली आणि नाकारलेल्यांवर ठिपके देऊ लागलो. हात आपोआप चालत होता. कुणीतरी बघायला घेतलेला आमचा रुपया परत टेबलावर ठेवला. छाप सरकलेला होता. मी ठिपका दिला.

बायकोने ते पाहिलं. थिनर लावून तारेच्या घासणीने तिने तो रुपया घासला. ठिपका गेला, रुपया नव्या वाटीसारखा चकाकू लागला.

रविवारी संग्राहकांनी तो भिंगाखाली धरला आणि लगेच परत दिला. "घासलेला आहे. नको."

"पण चूक तर तशीच आहे," मी म्हणालो.

"आहे," सर म्हणाले, "पण आता तिच्यावर तुमचीही चढलीय."

येताना बायकोने तो रुपया रिक्षावाल्याला भाड्यात देऊन टाकला. त्याने न बघताच खिशात टाकला. जिना चढताना ती म्हणाली, "पुन्हा असा रुपया आला, तर तुम्हाला दाखवणार नाही."

आणि तिने दाखवला नाही. आला होता की नाही, ते मला अजून माहीत नाही.