दुहेरी दोऱ्याचा टाका

कपडे मापात बसवून देणाऱ्या शिंपीणबाईंना एका गोष्टीची मोठी घमेंड होती: त्यांच्या हातचा टाका उसवत नाही. गुडघ्याबद्दल मात्र तशी हमी देता येत नव्हती. मागच्या हिवाळ्यात क्लबच्या रिलेत शेवटच्या चढावर गुडघा अडला, बाई मध्येच थांबल्या आणि तिघींचा संघ बाद झाला. यंदा धाकट्या जावेने क्लबमध्ये भांडून त्यांना पुन्हा संघात घेतलं होतं.

शर्यतीच्या सकाळी माळावरचं गवत गारठ्याने पांढरं पडलं होतं. छातीवर नंबर लावायला पिना मिळाल्या.

"पिना? कापडाची चाळण करायचे धंदे!" म्हणत बाईंनी खिशातून सुई काढली, दोरा दुहेरी घेतला आणि जॅकेटची चेन उघडून जर्सीवर नंबर अंगावरच शिवून टाकला.

पहिला टप्पा संघातली तिसरी, गावची टपालवाली, धावून आली, दुसऱ्यावर जाऊ गेली. झाडांतून ती परतताना दिसली तशी बाईंनी जॅकेट काढायला घेतलं. उजवी बाही निघाली, डावी बाजू हलेना. नंबराबरोबर जॅकेटचं अस्तरही शिवलं गेलं होतं. बधिर बोटांना पत्ताच नव्हता.

"ओढा, तुटेल!" टपालवाली म्हणाली.

"तुटेल कसा? मी घातलाय."

तेवढ्यात जाऊ लालबुंद होऊन पोचली. "जाऊबाई, अजून जॅकेट? फिरायला आलात का?" तिने हातावर हात आपटला. "पळा!"

बाई पळाल्या. रिकामी बाही मागे शेपटासारखी उडत होती. लोक खो खो हसत होते, त्या नादात गुडघ्याची भीती चढापर्यंत आठवलीच नाही. तिथे मात्र तो कुरकुरला. बाईंनी पावलं लहान केली. दुसऱ्या संघांच्या दोघी पुढे निघून गेल्या. गेल्या तर गेल्या, असं बाई म्हणाल्या, पण थांबल्या नाहीत.

शेवटच्या रेघेपलीकडे जावेने त्यांना मिठीच मारली. "झाला संघ पुरा!"

टपालवाली कुठूनशी कात्री घेऊन आली.

"खबरदार कापलंस तर," गवतावर बसकण मारत बाई म्हणाल्या. "उसवायचं."

त्यांची बोटं वळेनात, म्हणून जावेनेच सुईच्या टोकाने टाके उचलायला घेतले. बाई गरम चहाचे घोट घेत, अस्तर जप गं, अस्तर, असं बजावत राहिल्या.

"किती गच्च घातलेत हो! गुडघापण असाच शिवून घ्यायचा होतात."

"पुढच्या वर्षी घेते," बाई म्हणाल्या.