मण्यारीची स्लाइड

दौंडला डॉक्टरांच्या प्रशिक्षणात मण्यार साप चावल्याची स्लाइड मी आजही सगळ्यात आधी लावतो.

वीस वर्षांपूर्वी शिरूरच्या अशाच वर्गात मी मागच्या रांगेत चहा पीत बसलो होतो. वक्ते शांतपणे म्हणाले, "चावल्याची खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात." मी चहाचा कप खाली ठेवला. सकाळीच कवठ्याच्या आप्पांना मी पोटदुखीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं. त्यांचे डोळे मिटत होते, ते मला जागरण वाटलं होतं.

बाहेर येऊन बंद ठेवलेला मोबाइल सुरू केला आणि त्यांच्या घरी फोन लावला.

"कवाधरनं फोन लावतोय तुम्हाला," त्यांची सून म्हणाली. "आप्पा डोळंच उघडंनात."

माझ्या वर्गात मोबाइल बंद ठेवायला मी कुणालाच सांगत नाही.