दोरीवरचा हिरवा ब्लाउज

मशीन सुटलंच माझ्या हातातून! घरचं पायानं चालवायचं, आणि नोकरीसाठी हात दाखवायला गेले त्या कपड्यांच्या कारखान्यातलं मोटारवालं. मी सवयीनं जोरात पाय दाबला नि कापड भर्रकन पळालं, दोरा तुटला, आणि सुपरवायझर मॅडम शेजारीच उभ्या.

"आधी कामाला होतीस म्हणालीस ना? मग तीन वर्षं काय केलंस?"

"काही नाही मॅडम. बाळ झालं. घरीच होते."

"मग सवय मोडणारच की गं."

तेव्हा कुठं माझ्या तोंडातून निघालं, की घरी ब्लाउज शिवत होते, पुष्कळ शिवले.

"मग एक तरी आणून दाखव. उद्या दहाला."

कुठून आणू? शिवले तेवढे सगळे बायकांच्या घरी गेले. माझ्याकडं एकसुद्धा नाही.

आता गॅलरीत उभी आहे, पोरगी कडेवर झोपलीय, आणि समोरच्या वहिनींच्या दोरीवर मी शिवलेला हिरवा ब्लाउज वाळतोय. गळ्याची गोलाई किती छान बसलीय, आज पहिल्यांदाच नीट बघितली. या मजल्यावरच्या सगळ्या बायकांची मापं मला पाठ आहेत, छाती, कंबर, बाही. पण कुणाकडं कधी चहाला बसले नाही. माप घ्यायचं, कापड घ्यायचं, दार लावायचं. एवढ्या जवळून ओळखते सगळ्यांना, आणि हक्कानं मागावं असं कुणीच नाही.

"वहिनी, एका दिवसापुरता तुमचा ब्लाउज द्या," असं कसं म्हणायचं? हसल्या तर? त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलेय.

तुम्ही माझ्या जागी असता तर कडी वाजवली असती का हो?